दूरच्या बांधीला आधी

काकी, तुझ्या पासपोर्टवर एकाच देशाचा शिक्का आहे. दुसऱ्या देशाचा उमटला नाही, त्याला कारण मी. हे तुला सांगायचं राहिलं आणि मागच्या आठवड्यात तुझी तेरवीही होऊन गेली, म्हणून आता लिहून सांगते. तू म्हणाली असती, "कागद कायले खराब करून रायली? तोंडानं सांग ना." तोंडानं सांगायला मला कितीतरी वर्षं होती. सांगितलं नाही.

आधी त्या पासपोर्टचं. आपल्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी गेले, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला भारताच्या संघाचं बोलावणं आलं. रग्बी लीगच्या. गावात कबड्डी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हा खेळ मात्र मला घरोघरी नव्यानं सांगावा लागला. बाबा तर अजून त्याला "चिबडासारख्या चेंडूचं" एवढंच म्हणतो. तेव्हा धानाचा रोवणा चालू होता, बाबाला सवड नव्हती, म्हणून पासपोर्टच्या कामाला माझ्यासोबत तू गोंदियाला आली. कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात माझा फॉर्म भरून झाला आणि तू स्टूल पुढं ओढला.

"माहाही भर."

"चाची, आपको जाना कहाँ है?" तो म्हणाला.

"कुठीच नाही. पोट्टीचा निघून रायला तं माहाही निघू दे. एकटीचा कायले?"

पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा त्यालाही तू हेच सांगितलं. तो हसत चहा पिऊन गेला. तुझा पासपोर्ट आला, तू तो धानाच्या कोठीवर पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि पुन्हा फावडं खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर गेली.

तू गावाची पाणकर होती. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी जाईल, हे तू ठरवायची. हे काम काकाचं. तो गेल्यावर गावाला दुसऱ्या एकाही माणसावर एकमत करता येईना, तेव्हा गावातला जाणता डोमाजीमामा म्हणाला होता, "सायत्राच करून रायली होती ना इतके दिवस. तो तं नुसता पाळीवर बसून विड्या ओढे." पाळीतली पाणी सोडायची जुनी मोरी, आपलं तुडुम, त्याचा दट्ट्या काढायचा मान तेव्हापासून तुझा. नियम दोनच. शेपटाकडच्या बांध्यांना आधी पाणी, कारण तिथं पोचेपर्यंत अर्धं मुरतं. आणि पाणकराच्या घरची बांधी सगळ्यात शेवटी. एका वर्षी तलाव अर्धाच भरला आणि आपल्या बांधीपर्यंत पाणी आलंच नाही. धान पोचट गेला. बाबा आठ दिवस तुझ्याशी बोलला नाही. तू आठही दिवस त्याला वाटीत भाजी आणून दिली आणि एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाही. मी तेव्हा शाळेत होते. मला तुझाच राग आला होता.

निघायच्या दहा दिवस आधी आमच्या संघाच्या मॅनेजरबाईच्या घरी आजारपण निघालं. मुलींच्या संघासोबत एक बाई अधिकारी पाहिजेच, असा नियम. सर, म्हणजे आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक आणि संघाचे प्रशिक्षक, डोकं धरून बसले. एवढ्या घाईत पासपोर्ट हातात असलेली बाई आणायची कुठून? मी म्हटलं, माझ्या काकीकडं आहे. गमतीत म्हटलं. सरांनी गमतीत घेतलं नाही.

धान कापून घरात आलं होतं, तलावाचं काम संपलं होतं. तू म्हणाली, "चाल."

तुला संघाचा ट्रॅकसूट मिळाला. पँट तू घडी करून परत दिली. निळा टी-शर्ट मात्र घेतला आणि पातळावरूनच घातला. वरून पदर काढून नीट कमरेला खोचला. पाठीवर देशाचं नाव, खाली हिरवं पातळ, पायात प्लास्टिकच्या चपला. विमानतळावर लोक वळून वळून पाहत होते. रोशनी, आपली चिचगडची, आमच्या संघात सगळ्यात जोरात पळणारी, तुझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "काकी, एकदम कडक." मी सामानाच्या पट्ट्याकडं तोंड करून उभी राहिले.

मलेशियात पहिल्या दिवशी सराव होता. तू सावलीत बसून खेळ समजून घेतला. चेंडू घेऊन पुढं पळायचं, पण दुसरीला द्यायचा तर हातानं मागंच द्यायचा. अंगावर येऊन पाडलं की उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायानं मागं लोटायचा आणि पुन्हा पुढं घुसायचं. असं सहा वेळा पडलं की चेंडू दुसऱ्या संघाचा.

"सहा बाऱ्या झाल्या का दुसऱ्याले देऊन टाकायचं?" तू विचारलं.

"हो."

"मंग बराबर आहे. बारी ठरलेली आहे तं भांडन कायचं? ह्या पोट्ट्या एकमेकीच्या आंगावर काऊन पडून रायल्या?"

रोशनी गवतावर लोळून हसली. तिला आजही हा खेळ कोणी विचारला की ती तुझंच वाक्य सांगते.

मॅनेजरचे कागद सरच पाहत होते. तुला त्यांनी बाटल्यांची टोपली दिली. पंचांनी खेळ थांबवला की धावत मैदानात जायचं, पाणी पाजायचं, बाहेर यायचं. तू म्हणाली, "हे जमते." आणि खरंच जमलं. पहिल्या सामन्यात तू बरोबर सगळ्यांना पाणी पाजलं. तेव्हाही मैदानात शिरल्यावर आधी पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पोरींकडं जायची आणि मग मधल्यांकडं यायची. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला लागायला हवा होता. घरचीच होते मी.

दुसरा सामना मलेशियाशीच होता, शेवटची काही मिनिटं राहिली होती. आपण दोन गुणांनी मागं. मी चेंडू घेऊन मधून घुसले. त्यांच्या दोघींनी कमरेत धरलं, तिसरी वरून आली. उठायला गेले तर पोटरीत असा गोळा आला की पाय सरळ होईना. त्यांची एक उंच पोरगी पार दुसऱ्या टोकाला कपाळ धरून खाली बसली होती. पंचांनी शिट्टी वाजवली. तू टोपलीतून बाटली उचलली आणि निघाली.

मी हात वर केला. तू माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आली. तू माझ्या बाजूनं गेली. इतक्या जवळून, की पातळाचा काठ माझ्या खांद्याला लागला. तशीच धावत तू त्या पोरीकडं गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, उरलेलं तिच्या मानेवर ओतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. मग माझ्याकडं आली. रिकामी बाटली घेऊन.

बाकड्यांवरचे लोक उठून पाहायला लागले. मग हसले. मग टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या हे मला नंतर रोशनीनं सांगितलं; मला हसूच ऐकू आलं. कोणीतरी तुझे फोटो काढत होतं. पंच सरांना बाजूला घेऊन काही समजावत होते आणि सर मान डोलवत होते. मला बाहेर काढलं. आपण त्याच दोन गुणांनी हरलो. तुझ्यामुळं हरलो नाही, काकी. पोटरी तशीही चालणार नव्हती. पण त्या दिवशी मला कोणावर तरी टाकायचं होतं.

बसमध्ये मी तुझ्याशेजारी बसले नाही. तूच उठून माझ्याकडं आली.

"राग आला काय?"

"तू आमची का त्यांची?"

"तुमची."

"मंग?"

"ते पोट्टी दूर होती."

"काकी, हा तलाव नाही."

"नाही तं नाही. पन तिच्याजवळ कोनी आलं नोतं अजून. तू घरची. तू का मरून रायली होती?"

"माह्या पोटरीत गोळा होता."

"मंग दाखव ना," म्हणाली आणि चालत्या बसमध्ये खाली बसून माझी पोटरी रगडायला लागली. मी पाय ओढून घेतला. सगळ्या पोरी पाहत होत्या. तू सीटला धरून उठली आणि आपल्या जागेवर गेली.

हे भांडण तिथंच राहिलं. नंतर कधी काढायला गेले की तू म्हणायची, "झालं ना आता." मी म्हणायची, झालं कसं? खेळाचा नियम असतो, आपली बाटली आपल्या संघाची असते. तू म्हणायची, "नियम तं माहाही होता."

पुढच्या वर्षी मला कप्तान केलं. दौरा दुसऱ्या देशात होता. सरांचा फोन आला तेव्हा मी अंगणात होते, रोशनी सुट्टीला आपल्याकडं आली होती. सर म्हणाले, "काकूंनाच नेऊ. मुलींना त्या आवडतात." मी म्हटलं, "नको सर. मी कप्तान आणि माझ्याच घरचं माणूस मॅनेजर. लोक म्हणतील, घरच्यांना पुढं करते." सर म्हणाले, बरोबर आहे, हा विचार मी केला नव्हता.

फोन ठेवला. रोशनी म्हणाली, "आता खरं काय ते सांग."

मी म्हटलं, "लोकं हसतात ना वं तिला. पातळावर टी-शर्ट घालून फिरते. मले लाज वाटते तिची."

आपल्या दोन घरांच्या मधे कुडाची भिंत. पलीकडं तू मोहफुलं पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता. मी बोलल्यावर तो थांबला का चालूच राहिला, ते मला आठवत नाही. फार वेळा आठवून पाहिलं.

आठ दिवसांनी तू सरांना स्वतः फोन लावला. "मले कवा यायचं आहे?" सरांनी मी दिलेलं कारण जसंच्या तसं तुला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तू गावभर सांगत सुटली. चक्कीवर सांगितलं, नवेगाव बांधच्या बाजारात सांगितलं, पाळीवर भेटेल त्याला सांगितलं. "माही पोट्टी कप्तान झाली आन् पयले घरची बांधी मांगं ठेवली. मले नाही म्हनली. मले." जणू मी ट्रॉफी आणली होती.

लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, काकीचं वळण आहे बरं. मी मान खाली घालायची. त्यांना ती नम्रता वाटायची.

मी जायला निघाले तेव्हा तू बसस्टँडवर आली. एक बाटली भरून दिली. म्हणाली, "दूरच्याले आधी, बरं काय." मी हसले. तूही हसली. तुझ्या हसण्यात काही होतं का, हेही मी फार वेळा आठवून पाहिलं.

त्या दौऱ्यात आलेली मॅनेजरबाई चांगली होती. ट्रॅकसूट घालायची, इंग्रजी बोलायची, पाणी ज्याचं त्याला द्यायची. तिथं मलेशियाचा संघही आला होता. पहिल्याच दिवशी ती उंच पोरगी मला शोधत आली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "वॉटर आंटी?" मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाही. हे माझं दुसरं खोटं. तिनं तुझ्यासाठी एक चावीची साखळी दिली. ती मी तुला आणून दिली, पण कोणी दिली ते सांगितलं नाही. बाजारातून आणली म्हटलं. हे तिसरं. तू त्या साखळीला कोठीच्या कुलपाची चावी अडकवली.

मी पाच वर्षं खेळले. देशाची जर्सी घातली, एकदा राष्ट्रगीताला रडले, जिंकले थोडं, हरले जास्त. मग खांदा दोनदा निखळला आणि डॉक्टर म्हणाले, पुरे. आता गोंदियात शाळेत खेळ शिकवते. घरातली पहिली पदवी माझी, पहिली पगाराची नोकरी माझी, आणि त्याचा मला गर्व आहे; तो मी कशाला लपवू? पण कॉलेजात मी आणखी एक गोष्ट शिकले. घरच्या माणसाची लाज वाटणं. ते कोणत्या विषयात होतं, आठवत नाही. परीक्षा मात्र पास झाले.

आणि तू तो टी-शर्ट घालतच राहिली. दरवर्षी पाणी सोडायच्या दिवसांत, पातळावर, पदर खोचून. उन्हानं निळ्याचा आभाळी झाला. देशाच्या नावातली दोन अक्षरं उडाली. मी सुट्टीला आले की पाळीवर दुरून तूच आधी दिसायची. दोनदा तुला नवा घेऊन देते म्हटलं. "हा फाटला काय?" एवढंच विचारलं.

गोंदियाच्या दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मी तुझ्याजवळ होते. सांगायला दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा नर्स सलाईन बदलायला आली. दुसऱ्यांदा तूच डोळे उघडून विचारलं, "पानी सोडलं काय?"

"अजून नाही."

"धान गरभावर आहे. उशीर नोको करू."

मी सांगायचं ते बाजूला ठेवलं आणि "हो" म्हटलं. तू "नोको" म्हणाली होती, "नोका" नाही, म्हणजे गावाला नाही, मलाच, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

गाव तेरवीपर्यंत थांबलं. मधे पावसाची एक चांगली सर येऊन गेली म्हणून धान तगला. तेरवीची जेवणं झाली, माणसं अंगणात बसली. तुझीच गोष्ट निघाली, तीच, कप्तान झाल्यावर पोरीनं काकीला मागं ठेवलं ती. डोमाजीमामा सुपारी कातरत होता. कातरता कातरता म्हणाला, "तुडुम आता कोनाकडं? सुनंदाकडं द्या. चार दिवसाची रजा काढ, पोट्टे. घरच्याले मांगं ठेवनारं दुसरं कोन आहे अठी?"

माना हलल्या. बाबाचीसुद्धा हलली.

मी उभी राहिले. म्हटलं, "मामा, ते खोटं आहे." आणि सगळं सांगितलं. मलेशियातलं हसू, पातळ, टी-शर्ट, सरांना दिलेलं कारण आणि रोशनीला दिलेलं. मला लाज वाटली म्हणून मी तिला नेलं नाही, तिनं ते मोठेपण समजून गावाला सांगितलं आणि मी इतकी वर्षं ते खाल्लं. एवढं बोलून मला थांबताच येईना, मग चावीच्या साखळीचंही सांगितलं, ज्याचा कोणालाच काही पत्ता नव्हता.

 बाबा जमिनीकडं पाहत होता. डोमाजीमामानं सुपारी तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"तुही काकी बहिरी नोती, बाई," तो म्हणाला. "आन् भिंत तुमची कुडाची."

मग म्हणाला, "पानी उद्या सोडते का परवा?"

म्हणजे तू ऐकलं होतं. ऐकल्यावर आठ दिवस थांबली, सरांना फोन लावला, दुसरं कारण ऐकलं, आणि दोन कारणांतलं जे गावाला द्यावं असं तुला वाटलं ते दिलं. मला ओरडली असती तर मी दोन दिवस रडले असते आणि विसरले असते. तू मला चांगलं म्हणत राहिली. मी त्या कौतुकाएवढी होईन, अशी वाट पाहत होती का? का नुसतंच झाकलं, घरचं आहे म्हणून? डोमाजीमामाला विचारलं, ती काही बोलली होती का. तो म्हणाला, "तिले तुडुमापुढं बोलाले वेळ कवा होता?" त्याच्याकडून याहून जास्त निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझं फावडं घेतलं. टी-शर्ट दोरीवरच होता. कोणी उचलला नव्हता. माझ्या कुर्त्यावरून तो घातला. मला जरा सैल होतो. रस्त्याच्या कडेला हलका, लवकर येणारा धान कापणाऱ्या बाया होत्या. एकीनं विळा थांबवला.

"अवो मास्तरीनबाई, हे काय सोंग?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "काकीचा आहे." त्या आणखी हसल्या. मीही थोडी हसले आणि पाळीवर चढले.

दट्ट्या मला एकटीला निघेना. डोमाजीमामा वर बसून पाहत होता, मदतीला उठला नाही. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा निघाला. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. शेपटाकडच्या बांध्यांपासून सुरुवात केली. चार दिवस बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं फिरले, इथं फोडलं, तिथं लिंपलं. दोघांनी मधेच पाणी वळवायचा प्रयत्न केला, त्यांना तुझ्या भाषेत सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आपल्या बांधीत पाणी आलं. बोटभर. बाबा सकाळपासून धुऱ्यावर बसून होता. पाणी त्याच्या पायाला लागलं तेव्हा त्यानं पाय मागं घेतला नाही. टी-शर्टकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पुरते."

त्या बाटलीचं मात्र मी अजून मानलेलं नाही. माझी पोटरी खरंच दुखत होती. दूरच्याला आधी, हे कबूल. पण घोटभर ठेवायचं होतं, काकी.